सीआयसीएसमधील लिबर्टी सर्व्हर: केलेली दुरुस्ती दर रीस्टार्टला नाहीशी होते तेव्हा

सीआयसीएस या मेनफ्रेमवरील व्यवहार-प्रक्रियकाच्या रीजनच्या (त्याच्या एका चालू प्रतीच्या) पोटात जावा ॲप्लिकेशने चालवणाऱ्या लिबर्टी जेव्हीएम सर्व्हरविषयी एक तक्रार पुन्हा पुन्हा कानी येते. रीजन रात्री बंद होतो आणि पहाटे पुन्हा उभा राहतो, जेव्हीएम सर्व्हरची स्थिती ‘एनेबल्ड’ दिसते, ऑपरेटरच्या पडद्यावर काहीही खटकण्यासारखे नसते, आणि तरीही ॲप्लिकेशन आपल्या ठरलेल्या पोर्टवर उत्तर देत नाही. मग कोणीतरी सर्व्हर डॉट एक्सएमएल ही संरचना-फाइल उघडून पोर्ट दुरुस्त करतो, ॲप्लिकेशन लगेच चालू लागते आणि तक्रार मिटल्याची नोंद होते. पुढच्या रीस्टार्टनंतर तीच तक्रार नव्या क्रमांकाने उघडली जाते.

अशा तक्रारीत बिघाड एखाद्या प्रोग्रॅममध्ये शोधण्यापेक्षा आधी एक प्रश्न विचारावा: जी नोंद आपण दुरुस्त केली, ती आणखी कुठे लिहिलेली आहे काय? लिबर्टी हा स्वतःची संरचना स्वतः वाचणारा सर्व्हर आहे आणि सीआयसीएस हा आपल्या संसाधनांवर स्वतःची मालकी सांगणारा व्यवहार-प्रक्रियक आहे. दोघे एकाच पत्त्यावर नांदू लागले की पोर्ट, ॲप्लिकेशन, वापरकर्त्याची ओळख, थ्रेड आणि खुद्द व्यवहाराची सीमा या प्रत्येक गोष्टीला दोन मालक संभवतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि येथे कोणती तलवार बाहेर पडणार हे रीस्टार्टच्या क्षणी ठरते. म्हणूनच हा दोष दिवसभर दबून राहतो आणि पहाटे उगवतो.

एक सूचना आधीच द्यायला हवी. पुढील मजकुरात गुणधर्म, फाइली आणि आज्ञा यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून लिहावी लागतात. हा भेद चुकणे हेदेखील एक स्वतंत्र कारण आहे: जेव्हीएमसर्व्हर संसाधनात (सीआयसीएसमधील सर्व्हरच्या व्याख्येत) दिलेले प्रोफाइलचे (सर्व्हर सुरू करताना वाचल्या जाणाऱ्या पर्याय-फाइलचे) नाव यूएसएसच्या (मेनफ्रेमच्या युनिक्स भागाच्या) फाइलप्रणालीत अक्षरशः जुळवले जाते, तर सीडा (संसाधनांच्या व्याख्या लिहिण्याची सीआयसीएसची आज्ञा) ज्या टर्मिनलवर चालवले जाते ते टर्मिनल टंकलेली अक्षरे मोठी करून टाकत असेल, तर लहान अक्षरांतील नाव संसाधनापर्यंत कधी पोहोचतच नाही.

‘एनेबल्ड’ या शब्दावर किती भरवसा ठेवावा

जेव्हीएमसर्व्हर संसाधन ‘एनेबल्ड’ झाले याचा अर्थ एवढाच की जावा यंत्र उभे राहिले आहे आणि ते काम घ्यायला तयार आहे. पोर्ट उघडला की नाही आणि ॲप्लिकेशन सुरू झाले की नाही, या दोन गोष्टी त्या शब्दात येत नाहीत. त्यांची खबर लिबर्टीच्या मेसेजेस डॉट लॉगमध्येच मिळते. सर्व्हर तयार असल्याचा संदेश सीडब्ल्यूडब्ल्यूकेएफ००११आय, पोर्टवर ऐकणे सुरू झाल्याचा सीडब्ल्यूडब्ल्यूकेओ०२१९आय, आणि ॲप्लिकेशन सुरू झाल्याचा सीडब्ल्यूडब्ल्यूकेझेड०००१आय. या तिघांपैकी पहिला आहे आणि दुसरा नाही, तर शोध पोर्टपाशी सुरू करावा. पहिले दोन आहेत आणि तिसरा नाही, तर तो ॲप्लिकेशनच्या तैनातीपाशी सुरू करावा. तिन्ही आहेत आणि तरी उत्तर येत नाही, तर ओळखपत्रे आणि थ्रेड यांच्याकडे वळावे.

हा लॉग प्रोफाइलमधील वर्क डिर या निर्देशिकेखाली सापडतो. आधी रीजनचे ॲप्लिड (ओळखनाव), मग जेव्हीएम सर्व्हरचे नाव, मग डब्ल्यूएलपी, यूझर, सर्व्हर्स, डिफॉल्टसर्व्हर आणि शेवटी लॉग्ज असा तो मार्ग जातो. जावा यंत्राच्या स्वतःच्या फाइली, म्हणजे दिनांक आणि वेळ नावात घेऊन जन्मणाऱ्या डीएफएचजेव्हीएमआउट आणि डीएफएचजेव्हीएमईआरआर या विस्ताराच्या फाइली, त्याच्या वरच्या पातळीवर जेव्हीएम सर्व्हरच्या निर्देशिकेत असतात. लिबर्टी उभाच राहिला नसेल तर मेसेजेस डॉट लॉगमध्ये काहीच नसते आणि उत्तर या दुसऱ्या फाइलींत मिळते. कालचा लॉग आजचा समजून वाचण्याची चूक फार सहज होते, म्हणून आधी फाइलची वेळ पाहावी.

ओघात आलेच आहे म्हणून सांगतो. लॉग फाइल्स मॅक्स हा पर्याय शून्यावर सोडला तर जुन्या फाइली कधीच काढल्या जात नाहीत. रोज रीस्टार्ट होणाऱ्या रीजनमध्ये त्या साचत जातात, झेडएफएस ही फाइलप्रणाली भरते, आणि मग एके दिवशी सर्व्हर उभा राहत नाही. तेथे नव्या फाइलीला जागाच उरलेली नसते. संरचनेत काहीही न बदलता सुरू झालेला बिघाड असेल तर ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण ती एका मिनिटाची आहे.

मुख्य कारण: ऑटोकॉन्फिगर आणि हाताने केलेला बदल

सर्व्हर डॉट एक्सएमएल ही फाइल लिबर्टी चालू असतानाही पाहत असतो. तिच्यात बदल झाला की थोड्याच वेळात तो बदल लागू होतो, सर्व्हर बंद करावा लागत नाही. ही सोय आहे आणि आपल्या तक्रारीत तीच फसवते. पोर्ट हाताने बदलला, लिबर्टीने तो लगेच उचलला, ॲप्लिकेशनने उत्तर दिले, आणि दुरुस्ती पक्की झाली असे सर्वांना वाटले.

जेव्हीएम प्रोफाइल मात्र वेगळ्या वेळी वाचले जाते. सीआयसीएस ते प्रत्येक वेळी जेव्हीएम सर्व्हर सुरू करताना वाचतो आणि त्यात ऑटोकॉन्फिगर हा गुणधर्म ‘ट्रू’ असेल तर लिबर्टीची निर्देशिका-रचना आणि सर्व्हर डॉट एक्सएमएल ही फाइल नसल्यास तयार करतो. फाइल आधीपासून असेल तर प्रोफाइलमध्ये दिलेले होस्ट, एचटीटीपी पोर्ट आणि एचटीटीपीएस पोर्ट यांची मूल्ये तिच्यात लिहितो. म्हणजे प्रोफाइलमध्ये जुने पोर्टमूल्य पडून असेल तर दिवसा हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या सुरुवातीला त्या जुन्या मूल्याखाली गाडली जाते. सीआयसीएस येथे काहीही चुकीचे करत नाही. त्याला जे सांगितले आहे तेच तो करतो, फक्त सांगणारा माणूस ते विसरलेला असतो.

खातरजमा करण्याचा सोपा मार्ग असा. सर्व्हर डॉट एक्सएमएलची एक प्रत रीस्टार्टपूर्वी बाजूला ठेवावी आणि रीस्टार्टनंतर दोन्ही फाइलींची तुलना करावी. फरक दिसला आणि तो फरक प्रोफाइलमधील मूल्यांशी जुळला, तर निदान झाले. फाइल बदललेलीच नाही आणि तरीही पोर्ट वेगळा दिसतो, तर आपण वेगळीच फाइल पाहत आहोत. वर्क डिर किंवा डब्ल्यूएलपी यूझर डिर (लिबर्टीच्या संरचनेची निर्देशिका) बदलल्यामुळे दोन ठिकाणी दोन सर्व्हर डॉट एक्सएमएल असणे हे वाटते तेवढे दुर्मीळ नाही.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी वापरू नयेत. चाचणीच्या किंवा विकासाच्या रीजनमध्ये ऑटोकॉन्फिगर ‘ट्रू’ ठेवावे आणि मग पोर्ट, होस्ट यांसारख्या नोंदी केवळ प्रोफाइलमध्येच बदलण्याचा नियम पाळावा. उत्पादन रीजनमध्ये ते ‘फॉल्स’ करून सर्व्हर डॉट एक्सएमएल पूर्णपणे आपल्या हाती घ्यावे, ती फाइल आवृत्ती-नियंत्रणात ठेवावी आणि प्रोफाइलमधून पोर्टच्या ओळी काढून टाकाव्यात. माझ्या मते उत्पादनासाठी दुसराच मार्ग योग्य आहे, कारण जी फाइल सर्व्हर स्वतः बदलू शकतो तिचे परीक्षण करणे आणि तिला मंजुरी देणे यांना अर्थ उरत नाही.

‘फॉल्स’ केल्यानंतर एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. होस्टची नोंद सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये नसेल तर लिबर्टी स्वभावतः फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. पोर्ट उघडल्याचा संदेश लॉगमध्ये येतो, त्याच यंत्रावरून केलेली विचारणा यशस्वी होते, आणि बाहेरून येणारी प्रत्येक विचारणा नाकारली जाते. संदेशात होस्टचे नाव छापलेले असते, तेवढा भाग वगळून केवळ क्रमांक वाचू नये.

अनेक रीजन एकच सर्व्हर डॉट एक्सएमएल वापरणार असतील तर पोर्ट त्यात आकड्याने लिहू नये. प्रोफाइलमध्ये सीआयसीएसला परिचित नसलेली ‘नाव बरोबर मूल्य’ अशी ओळ लिहिली तर ती यूएसएसचे पर्यावरण-चल म्हणून ठेवली जाते आणि सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये डॉलर-महिरपी कंसात ‘एन्व्ह’ या उपसर्गाने ती वाचता येते. मग मूल्य प्रोफाइलच्या मालकीचे राहते, रचना सर्व्हर डॉट एक्सएमएलच्या, आणि दोघांत वाद उरत नाही. ही पद्धत लावली नाही तर दोन रीजन एकाच पोर्टवर दावा सांगतात. जो आधी उठतो त्याला पोर्ट मिळतो, दुसऱ्याच्या लॉगमध्ये सीडब्ल्यूडब्ल्यूकेओ०२२१ई हा संदेश येतो आणि तो रीजन ‘एनेबल्ड’ अवस्थेत मुका उभा राहतो. कोणता रीजन आधी उठेल हे रोज सारखे नसल्यामुळे तक्रार आज एका रीजनची आणि उद्या दुसऱ्याची असते, आणि दोन वेगवेगळे लोक ती दोन वेगळ्या तक्रारी समजून सोडवत बसतात. पोर्ट टीसीपीआयपीच्या प्रोफाइलमध्ये रीजनच्या जॉबनावाने राखून ठेवला तर हा घोळ मुळातच टळतो.

फाइल उघडून पाहिल्यानेच बिघडते

जेव्हीएम प्रोफाइल एबसीडिक या मेनफ्रेमच्या अक्षर-संकेतनात असावे लागते. सर्व्हर डॉट एक्सएमएल मात्र आयएसओ ८८५९-१ किंवा यूटीएफ-८ मध्ये असावे लागते. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन फाइली अशा दोन लिप्यांत असतात. कोणी आयएसपीएफ या मेनफ्रेमवरील संपादन-साधनातून सर्व्हर डॉट एक्सएमएल साध्या संपादनाने उघडले, अक्षरे अगम्य दिसली म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून मजकूर चिकटवला आणि जतन केले, तर फाइल एबसीडिक होते आणि लिबर्टी तिच्यातील पहिल्याच ओळीवर अडखळतो. उलट दिशेने, प्रोफाइल एखाद्या साधनातून द्विमान पद्धतीने वर चढवले तर सीआयसीएसला ते वाचता येत नाही. आयएसपीएफच्या यूएसएस सूचीत ‘ईए’ ही ओळ-आज्ञा फाइल आस्की म्हणून संपादनासाठी उघडते, ‘व्हीए’ ती केवळ पाहण्यासाठी उघडते, आणि ‘ईयू’ व ‘व्हीयू’ हेच काम यूटीएफ-८ साठी करतात. फाइलला सीएचटॅग या आज्ञेने संकेतनाची योग्य खूण लावून ठेवली तर पुढच्या माणसाला आज्ञा आठवत बसावे लागत नाही.

सोमवारी सकाळी लॉगिन होत नाही

या तक्रारीचे वैशिष्ट्य हे की ती संपूर्ण यंत्रणेच्या आयपीएलनंतरच (ती नव्याने सुरू केल्यावरच) येते, साध्या रीजन-रीस्टार्टनंतर येत नाही. सर्व्हर उभा असतो, पोर्ट उघडा असतो, ॲप्लिकेशन सुरू असते, पण आरएसीएफ या सुरक्षा-प्रणालीतील योग्य पासवर्ड दिला तरी प्रवेश मिळत नाही.

लिबर्टीला झेडओएसच्या (मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीच्या) अधिकृत सेवा एंजल नावाच्या वेगळ्या प्रक्रियेमार्फत मिळतात. सर्व्हर सुरू होताना एंजल चालू नसेल तर तो त्या सेवांशिवायच उभा राहतो आणि नंतर एंजल आला तरी आपणहून त्याला जाऊन भेटत नाही. आयपीएलच्या वेळी स्वयंचलित यंत्रणेने रीजन आधी आणि एंजल नंतर सुरू केला की ही स्थिती येते. त्या दिवशी जेव्हीएम सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की सारे सुरळीत होते, म्हणून ‘रीस्टार्ट करा’ हाच उपाय परंपरेने चालत राहतो आणि क्रम कोणी दुरुस्त करत नाही.

लॉगमध्ये कर्नल या अधिकृत सेवागटाविषयीचा संदेश पाहावा. सीडब्ल्यूडब्ल्यूकेबी०१०३आय असेल तर तो गट उपलब्ध आहे आणि ०१०४आय असेल तर नाही. एंजल खरोखर चालू असूनही गट उपलब्ध नसेल, तर आरएसीएफच्या सर्व्हर वर्गातील प्रोफाइलांवर रीजनच्या यूझर-आयडीला वाचनाधिकार आहे का ते पाहावे. त्यात बीबीजी-एंजल, बीबीजी-ऑथमॉड या साखळीतील प्रोफाइले आणि एसएएफक्रेड यांचा समावेश होतो. एंजलला नाव दिलेले असेल तर जेव्हीएम प्रोफाइलमधील एंजलनेम हा गुणधर्मही जुळला पाहिजे. आणि कायमचा उपाय म्हणून एंजलरिक्वायर्ड हा गुणधर्म ‘ट्रू’ करावा, म्हणजे एंजल नसताना सर्व्हर अर्धवट अवस्थेत उभा राहणार नाही. सकाळी नऊ वाजता वापरकर्त्याने सांगितलेल्या दोषापेक्षा पहाटे चार वाजता उघडपणे बंद राहिलेला सर्व्हर केव्हाही परवडला.

ॲप्लिकेशन दोनदा, किंवा चुकीच्या वाटेने

ॲप्लिकेशन लिबर्टीत तीन वाटांनी येऊ शकते: ड्रॉपिन्स निर्देशिकेतून, सर्व्हर डॉट एक्सएमएलमधील नोंदीतून, किंवा सीआयसीएस बंडलमधून (संसाधनांच्या एकत्रित गठ्ठ्यातून). बंडलने आलेल्या ॲप्लिकेशनची नोंद सीआयसीएस इन्स्टॉल्डॲप्स डॉट एक्सएमएल या फाइलीत करतो आणि सर्व्हर डॉट एक्सएमएल त्या फाइलीला समाविष्ट करून घेते. हाताने लिहिलेल्या नव्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये ती समावेशाची ओळ राहून गेली की बंडल बसवूनही ॲप्लिकेशन सुरू होत नाही. चाचणीच्या काळात ड्रॉपिन्समध्ये टाकलेली प्रत काढायची राहून गेली की एकच ॲप्लिकेशन दोनदा सुरू होऊ पाहते. उत्पादनात बंडल वापरावे, ड्रॉपिन्स रिकामे ठेवावे. एवढेच.

थ्रेडची मर्यादा बदलली होती, पण पुन्हा जुनीच दिसते

जेव्हीएमसर्व्हर संसाधनातील थ्रेडलिमिटचे मूळ मूल्य १५ आहे आणि ते २५६ पर्यंत वाढवता येते. एका रीजनमधील सर्व जेव्हीएम सर्व्हर मिळून २,००० थ्रेडची कमाल मर्यादा आहे. प्रत्येक विनंती सीआयसीएसच्या टास्कच्या रूपाने चालण्यासाठी यांपैकी एक थ्रेड घेते. १५ थ्रेड आणि धीम्या डेटाबेसला जाणाऱ्या विनंत्या अशी जोडी जमली की गर्दीच्या वेळी विनंत्या रांगेत उभ्या राहतात. प्रोसेसर मोकळा दिसतो, हीप (जावाची स्मृती) मोकळी दिसते, आणि प्रतिसाद मात्र मिनिटांवर जातो. सीईएमटी या ऑपरेटरच्या आज्ञेतून जेव्हीएमसर्व्हरची विचारणा केली तर थ्रेडकाउंट आणि थ्रेडलिमिट शेजारी-शेजारी दिसतात. दोन्ही आकडे सारखे असतील तर उत्तर समोर आहे.

पण आपला विषय पुन्हा उगवणारा दोष आहे आणि येथे तो पुढीलप्रमाणे उगवतो. सीईएमटीने मर्यादा ६० केली की ती चालू रीजनला लगेच लागू होते, परंतु सीएसडी या व्याख्यांच्या कायम संग्रहात व्याख्या १५ च राहते. मग रीजनची कोल्ड स्टार्ट झाली की व्याख्या सीएसडीतून नव्याने बसवल्या जातात आणि १५ परत येते. याची उलट बाजूही तितकीच फसवी आहे. एखाद्याने सीडाने व्याख्येत ६० लिहिले, पण ती पुन्हा बसवली नाही, आणि वॉर्म स्टार्टने ती लागू होईल अशी अपेक्षा ठेवली. वॉर्म स्टार्ट बसवलेल्या व्याख्या ग्लोबल कॅटलॉगमधून परत आणते, सीएसडीकडे त्यासाठी पाहतच नाही, म्हणून बदल व्याख्येत असतो आणि रीजनमध्ये नसतो. बदल दोन्हीकडे करावा: चालू रीजनसाठी सीईएमटीने, आणि पुढच्या जन्मासाठी सीएसडीत व्याख्या बदलून, जेव्हीएम सर्व्हर बंद असताना ती पुन्हा बसवून.

मर्यादा वाढवताना मेमलिमिटचा (६४-बिट साठ्याच्या मर्यादेचा) विसर पडू नये. प्रत्येक थ्रेड आपला स्टॅक घेतो, हीपचा आकार एक्सएमएक्स या पर्यायाने ठरतो, आणि हे सारे ६४-बिट साठ्यातून जाते. मर्यादा २५६ करून गर्दीचा प्रश्न सुटतो असेही नाही, कारण डीबी२ या डेटाबेसच्या जोडण्यांची संख्या तेवढीच राहिली तर रांग फक्त जागा बदलते. तसेच सर्व वेब-विनंत्या ठरावीक सीजेएसए या एकाच ट्रान्झॅक्शनखाली धावत असतील तर कोणती विनंती थ्रेड अडवून बसली आहे हे कळणे कठीण होते. युरिमॅप या वेब-पत्ते जुळवणाऱ्या संसाधनाचा वापर ‘जेव्हीएमसर्व्हर’ असा ठेवून महत्त्वाच्या मार्गांना वेगळे ट्रान्झॅक्शन-आयडी द्यावेत. त्यामुळे प्राधान्य, ट्रॅनक्लासची (ट्रान्झॅक्शनांच्या गटाची) मर्यादा आणि आकडेवारी या तिन्ही गोष्टी वेगळ्या हाताळता येतात.

व्यवहाराला दोन मालक

आतापर्यंतचे दोष उघड होते: काहीतरी चालत नव्हते. हा दोष चालत्या यंत्रणेत राहतो आणि हिशेब जुळवताना सापडतो, म्हणून तो सर्वांत महाग आहे. लक्षण असे की व्हीसॅम या मेनफ्रेमवरील प्रकारच्या फाइलीतील नोंद मागे फिरवली गेली पण डेटाबेसमधील ओळ तशीच राहिली, किंवा याच्या उलट झाले. असे रोज घडत नाही. मधल्या टप्प्यावर एखादी विनंती पडते तेव्हाच घडते.

टाइप २ जोडणीत, म्हणजे डीबी२कॉन या सीआयसीएसच्या डीबी२-जोडणीमार्फत जाणाऱ्या जेडीबीसीत (जावाच्या डेटाबेस-संपर्कात), डेटाबेसचे बदल सीआयसीएसच्या युनिट ऑफ वर्कमध्येच (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटातच) मोडतात. तेथे कोडमधून जोडणीवर कमिट म्हटले तर ड्रायव्हर त्याचे रूपांतर सीआयसीएसच्या सिंकपॉइंटमध्ये करतो, म्हणजे केवळ डेटाबेसचे नव्हे तर त्या युनिटमधील फाइली, रांगा, सारेच पक्के होते. टाइप ४ जोडणी मात्र नेटवर्कवरून थेट डेटाबेसला जाते आणि सीआयसीएसच्या युनिटला तिचा पत्ता नसतो. जावाच्या व्यवहार-सेवेने, म्हणजे जेटीएने, दोघांना एका जागतिक व्यवहारात बांधले तरच ती दोन्ही एकत्र पक्की होतात किंवा एकत्र मागे फिरतात.

गोची अशी की डेटासोर्सचे (डेटाबेस-जोडणीच्या नोंदीचे) जेएनडीआय नाव, म्हणजे कोड ज्या नावाने तो शोधतो ते, तेच ठेवून सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये त्याचा प्रकार बदलता येतो. कोडची एक ओळही बदलत नाही, चाचण्या पार पडतात, आणि व्यवहाराची सीमा मात्र निःशब्दपणे सरकलेली असते. प्रोफाइलमध्ये जेडीबीसी ड्रायव्हरचे स्थान दिलेले असेल आणि ऑटोकॉन्फिगर चालू असेल तर सीआयसीएसही आपल्या परीने डेटासोर्सची भर घालतो, तेव्हा कोणता डेटासोर्स कोणाचा हे पुन्हा एकदा मोजून पाहावे लागते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी सर्व्हर डॉट एक्सएमएलमधील प्रत्येक डेटासोर्स टाइप २ आहे की टाइप ४ हे लिहून काढावे. टाइप ४ असेल आणि त्याच विनंतीत सीआयसीएसची पुनर्प्राप्य संसाधनेही बदलली जात असतील, तर कोडमध्ये यूझरट्रान्झॅक्शन सुरू केले जाते का, किंवा ईजेबी कंटेनरच्या ताब्यात व्यवहार आहे का, ते पाहावे. मग सीआयसीएसटीएस-जेटीए या घटकात एकत्रीकरण कोणी ‘फॉल्स’ तर करून ठेवलेले नाही ना, हे पाहावे. एखादी जुनी अडचण टाळण्यासाठी तात्पुरती केलेली अशी नोंद वर्षानुवर्षे राहते. शेवटी डेटासोर्स एक्सए प्रकाराने घोषित आहे का हे तपासावे, कारण दोन टप्प्यांच्या कमिटसाठी तो तसा असावा लागतो. जागतिक व्यवहार चालू असताना समन्वयक लिबर्टीचा व्यवहार-व्यवस्थापक असतो आणि सीआयसीएसचे युनिट त्याच्या अधीन असते, म्हणून त्या काळात कोडने थेट सिंकपॉइंट घेण्याचा प्रयत्न करू नये.

याच ठिकाणी एका प्रचलित सवयीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ‘स्वच्छ सुरुवात’ हवी म्हणून रीजन सुरू होण्यापूर्वी संपूर्ण वर्क डिर पुसणारी पायरी अनेक जॉबांमध्ये घातलेली दिसते. लिबर्टीचा व्यवहार-लॉग स्वभावतः त्याच झाडाखाली, सर्व्हरच्या आउटपुट निर्देशिकेतील ट्रॅनलॉगमध्ये असतो. दोन टप्प्यांच्या मध्ये सर्व्हर पडला असेल तर अनिर्णित व्यवहार कमिट करायचा की मागे घ्यायचा हे त्या लॉगवरूनच कळते. तो पुसला की डेटाबेसकडे कुलूप लावलेली ओळ राहते आणि तिचा निर्णय देणारा कोणी उरत नाही. मग डेटाबेस-प्रशासक हाताने निर्णय देतो, आणि ‘कधी-कधी हिशेब जुळत नाही’ या तक्रारीचा उगम तेथे असतो. स्वच्छता हवीच असेल, उदाहरणार्थ लिबर्टीची किंवा सीआयसीएसची दुरुस्ती-आवृत्ती चढवल्यानंतर, तर सर्व्हर बंद असताना केवळ वर्कएरिया ही उपनिर्देशिका काढावी. ती साठवण आहे आणि पुन्हा बनते. ट्रॅनलॉगसाठी सर्व्हर डॉट एक्सएमएलच्या ट्रान्झॅक्शन घटकात वर्क डिरच्या बाहेरचा, पण रीजनच्याच मालकीचा मार्ग द्यावा आणि दोन रीजनांना कधीही एकच मार्ग देऊ नये. रिकव्हरऑनस्टार्टअप हा गुणधर्म मुळात ‘फॉल्स’ असतो. अनिर्णित व्यवहार सर्व्हर उठताच निकाली निघावेत अशी अपेक्षा असेल तर तो ‘ट्रू’ करावा लागतो.

बंद करण्याची रीत आणि दुरुस्तीची परीक्षा

जेव्हीएम सर्व्हर बंद करताना आधी फेजआउट वापरावे. त्यात चालू टास्कना काम संपवू दिले जाते. एखादी टास्क अडली आणि स्थिती ‘डिसेबलिंग’वर थांबली तर पर्ज, त्यानेही नाही झाले तर फोर्सपर्ज, आणि अगदी शेवटी किल. किलनंतर रीजन अस्थिर राहू शकतो, म्हणून तो वापरला तर रीजनही लवकरात लवकर बंद करून नव्याने सुरू करण्याची तयारी ठेवावी. घाईत थेट किलवर जाणे हे वर सांगितलेल्या अनिर्णित व्यवहारांना आमंत्रण आहे.

दुरुस्ती झाली की ती एका रीस्टार्टवर मान्य करू नये. पहिल्यांदा फक्त जेव्हीएम सर्व्हर बंद करून सुरू करावा, म्हणजे प्रोफाइल आणि ऑटोकॉन्फिगर यांची परीक्षा होते. नंतर रीजनची वॉर्म स्टार्ट घ्यावी, म्हणजे कॅटलॉगमध्ये काय बसले आहे ते कळते. मग चाचणी-रीजनमध्ये कोल्ड स्टार्ट घ्यावी, म्हणजे सीएसडीत काय लिहिले आहे ते कळते. आणि जेथे एंजलचा संबंध आहे तेथे पुढच्या नियोजित आयपीएलपर्यंत तक्रार उघडीच ठेवावी. प्रत्येक वेळी सर्व्हर डॉट एक्सएमएलची आधीची आणि नंतरची प्रत, मेसेजेस डॉट लॉगमधील वर सांगितलेले संदेश, आणि सीईएमटीमधील थ्रेडलिमिट एवढ्याच गोष्टी जुळवून पाहाव्यात.